एस-ए-टी-एच नावाचं फंक्शन

“मॅडम, गिरजाबाई येणार नाही म्हणते.”

फोन नांदेडहून होता. कांबळे सिस्टर, तिथल्या डायलिसिस सेंटरच्या इन्चार्ज. मी लातूरला, आमच्या ऑफिसात. मला फोनवर बोलायला जमत नाही. लोकांना मी ‘मेल करा’ असं सांगते. पण कांबळे सिस्टर मेल करत नाहीत.

“कुठं येणार नाही?” मी विचारलं.

“डायलिसिसला, अजून कुठं? तुमच्या नव्या चार्टात तिला सकाळी सातची पाळी लागून राहिली. बाई इस्लापूरची हाय. पहिली बस धरली तरी इथं यायला अकरा वाजतात. सातला यायचं तर आदल्या दिवशी निघून बसस्टँडवर झोपावं काय तिनं?”

“मी बघते.”

“आन् रहीम चाचा पंचावन्नचा, त्याला दुपारी टाकलं. दोघं एकाच बसनं येतात मॅडम. चाचा यायचा नसला तर ती बसमध्ये चढतच नाही. ‘मंग राहू द्या, आता नको मला ते मशीन’ म्हणली आन् ठेवला फोन. नाही आली तर काय होतंय, ते तुम्हाला सांगायला पाहिजे का?”

सांगायला नको होतं. किडनी बंद पडल्या की रक्त मशीननं साफ करावं लागतं. एका वेळी चार तास, आठवड्यातून दोनदा किंवा तीनदा. त्यात सुटी नसते. रजेचा अर्ज चालत नाही.

तो चार्ट ट्रायलचा होता. नवी सिस्टीम सुरू व्हायची होती पुढच्या सोमवारी. त्या दिवशी मंगळवार होता.

आता हे सगळं काय होतं ते सांगते.

एका ट्रस्टची दोन डायलिसिस सेंटर आहेत, एक नांदेडला आणि एक लातूरला. कुठला पेशंट कुठल्या दिवशी, कुठल्या पाळीत, कुठल्या मशीनवर, हे ठरवणारं एक जुनं सॉफ्टवेअर होतं. ते चालू ठेवायचं काम आमच्या सहा माणसांच्या कंपनीकडे. ट्रस्टनं ठरवलं की आता पुण्याच्या एका मोठ्या कंपनीकडून नवी सिस्टीम करून घ्यायची. आम्ही जुन्याचं डॉक्युमेंटेशन द्यायचं, ते वाचून पुणेवाले नवं बांधणार. जो मीटिंगमध्ये बोलत नाही त्याच्या वाट्याला डॉक्युमेंटेशन येतं. ते माझ्याकडे आलं.

सॉफ्टवेअर म्हणजे शेकडो छोट्या कामांची गाठोडी. एका गाठोड्याला फंक्शन म्हणतात. प्रत्येकाला नाव असतं. त्यातली काही फंक्शन्स बाहेरच्या प्रोग्रॅमलाही वापरता येतात, बँकेतल्या खिडकीसारखी. त्या सगळ्या खिडक्यांना मिळून एपीआय म्हणतात. कोणत्या खिडकीवर काय मिळतं, ते सांगणारं पुस्तक म्हणजे एपीआय डॉक्युमेंटेशन. हे पुस्तक हातानं लिहावं लागत नाही. एक टूल असतं. लिहिणाऱ्यानं फंक्शनच्या वर दोन ओळींची टीप लिहिलेली असते, तिला कॉमेंट म्हणतात. टूल त्या कॉमेंट गोळा करतं आणि पानं तयार करतं. बटण दाबलं की पाच मिनिटांत पुस्तक.

कॉमेंटच नसेल तर? तर टूल विचारतं: अशी फंक्शन्स लपवू की दाखवू?

मी आधी ‘लपवा’ केलं. पुस्तक सुबक झालं. आमचे गिरीश सर, म्हणजे कंपनीचे मालक, त्यांनी स्क्रीन वर-खाली केला.

“एवढंच?”

“बाकीच्यांवर कॉमेंट नाहीत, सर.”

“म्हणजे पुणेवाले म्हणणार, लातूरकरांनी इतक्या वर्षांत एवढंच केलं. दाखव सगळी.”

मी ‘दाखवा’ केलं. पुस्तक दुप्पट झालं. निम्म्या पानांवर नुसती नावं आणि खाली रिकामे राखाडी चौकोन.

“हे तर घर सोडून गेल्यासारखं दिसतंय,” सर म्हणाले. “भरून टाक.”

“कशासाठी लिहिलेत ते माहीत नाही, सर.”

“कोड वाच आणि भर. शुक्रवारपर्यंत.”

मी भरलं. इथं माझी चूक झाली, आणि ती कशी झाली ते नीट सांगायला हवं.

जुनं सॉफ्टवेअर मन्मथ अप्पा नावाच्या एका गृहस्थांनी लिहिलेलं होतं. त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं. फंक्शनची नावं त्यांनी इंग्रजी अक्षरांत दिली होती, पण मराठी. ‘गाडी बघ’, ‘दम धर’, ‘पाळी बदल’. माझी शाळा इंग्लिश मीडियमची. मराठी मला येतं, घरी आम्ही तेच बोलतो. पण ए-बी-सी-डी दिसली की माझं डोकं आधी इंग्रजी वाचतं. एक फंक्शन होतं, व्ही-ए-टी. मी वाचलं, व्हॅट. जुना टॅक्स. आत नुसते एक ते नऊ असे आकडे होते. मी लिहिलं, ‘जुन्या करासंबंधी. आता लागू नाही.’ दुसरं होतं, एस-ए-टी-एच. इथं मात्र मी मराठी वाचलं, साठ. आत पहिल्याच ओळीत अट होती: वय साठच्या वर. खाली कुठंतरी पाळी बदलण्याची ओळ. जुळलं. मी लिहिलं, ‘साठ वर्षांवरील पेशंटना पहिली पाळी देते.’ म्हाताऱ्या माणसांना सकाळी लवकर मोकळं करायचं, किती समंजस माणूस असेल, असं मला वाटलंही.

अशी एकेचाळीस फंक्शन्स मी अंदाजानं भरली. एकाही वाक्यात ‘बहुतेक’ लिहिलं नाही.

सिस्टरचा फोन ठेवून मी ते फंक्शन पुन्हा उघडलं. या वेळी शेवटपर्यंत वाचलं. वय साठच्या वर, किंवा गाव लांब. मग तिसऱ्या ओळीत ते व्ही-ए-टीला बोलावत होतं. माझी नजर तिथं अडली. साठीच्या पेशंटचा टॅक्स कशाला बघायचा? मी ते नाव हळू, ओठांनी वाचलं. व्हॅट. वट. वाट.

वाट. इस्लापूर, हिमायतनगर, भोकर, नांदेड ही एक वाट. नायगाववरून येणारी दुसरी. एक ते नऊ म्हणजे नऊ रस्ते. पुढच्या ओळी त्याच वाटेवरचा दुसरा पेशंट शोधत होत्या आणि दोघांना एका पाळीत टाकत होत्या. साठ नव्हतंच ते. साथ होतं.

मी सरांच्या केबिनमध्ये गेले आणि एका दमात सांगून टाकलं. थांबले असते तर सांगता आलं नसतं. सरांनी स्पीकरवर पुण्याला फोन लावला. तिकडचा प्रमुख आदित्य, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा असेल. आवाजात नेहमी घाई.

“डॉक्युमेंटमध्ये होतं ते आम्ही बनवलं,” तो म्हणाला. “साठच्या वर असेल तर पहिली पाळी. टेस्ट पास आहे.”

“डॉक्युमेंट चुकीचं आहे,” मी म्हणाले. “चूक माझी आहे. ते फंक्शन सोबतीसाठी आहे.”

“ओके. मग फेज टूमध्ये घेऊ. तीन महिन्यांनी. आता कोड फ्रीझ आहे.” फ्रीझ म्हणजे सुरू करायच्या आधी कोडला कुलूप. कुणीही हात लावायचा नाही.

मी एरवी ‘ओके’ म्हणाले असते. सर माझ्याकडे बघत होते.

“तीन महिने चालणार नाही,” मी म्हणाले. “एक बाई आहे. तिला बदललेली पाळी जमत नाही. ती यायचं बंद करते म्हणते. डायलिसिस बंद.”



“हे एक बदलेन मी,” आदित्य म्हणाला. आवाजातली घाई गेली होती. “पण मला सांग, अजून किती ठिकाणी असा अंदाज आहे?”

“एकेचाळीस.”

“त्यातले बरोबर किती?”

“माहीत नाही.”

“मग मी कुलूप उघडून नक्की काय बदलू? शुक्रवारी संध्याकाळपर्यंत मला खात्रीचं दे. सगळं. नाहीतर जे आहे तेच सोमवारी जाईल.”

मन्मथ अप्पांचा नंबर कांबळे सिस्टरकडे मिळाला. ते आता लातूरजवळच्या मुरुडला राहत होते, भावाकडे. गुरुवारी सकाळी मी त्यांना फोन केला. ते एवढंच म्हणाले, “या की. मी हाय दुकानात.” मी एकेचाळीस पानं छापून घेतली आणि बस धरली.

दुकान मोटार रिवायंडिंगचं होतं. विहिरीवरच्या, बोअरच्या जळालेल्या मोटारी बाहेर मांडलेल्या. आत कपाळाला विभूती लावलेले, साठी उलटलेले एक गृहस्थ तांब्याची तार गुंडाळत बसलेले. मी दारात उभी राहिले.

“त्रेपन्न, चोपन्न... थांब माय, गिनती चुकल... पंचावन्न.” साठापर्यंत मोजून त्यांनी तारेला गाठ मारली आणि वर पाहिलं. “तू ती लातूरची का? बस. चहा घेतीस?”

मी पहिलं पान पुढं केलं. त्यांनी चष्मा लावला. ‘जुन्या करासंबंधी. आता लागू नाही.’ ते वाचलं, पुन्हा वाचलं. मग पोट धरून हसले. आत भावाला हाक मारली.

“अरे शिवा, बघ की! आपल्या वाटंवर सरकारनं टॅक्स बसवला!”

माझे कान तापले. पण त्यांच्या हसण्यात टोचणं नव्हतं.

“तुझी बी काय चूक?” ते म्हणाले. “एक डबल ए टाकला असता तर कळलं असतं. म्या आळशी.”

“कॉमेंट का नाही लिहिलीत, अप्पा?”

“कुणासाठी लिहू? तव्हा वाचणारा म्याच होतो. आमच्या मंडळीला घेऊन जायचो नांदेडला, आठवड्यातून तीनदा. नायगावात राहायचो तव्हा. ती मशीनवर चार तास. म्या काय करू? सिस्टर वहीत पाळ्या लिहायच्या, खोडायच्या, पुन्हा लिहायच्या. क्लासात कॉम्प्युटर शिकवायचो म्या. म्हणलं, आणा इकडं, कॉम्प्युटरवर करून देतो.”

मंडळी म्हणजे घरची बरीच माणसं, असं मी धरलं. किती जणांना, असं विचारणारच होते. मग लक्षात आलं की मंडळी म्हणजे त्यांची बायको. त्या दिवशी मी तोंड उघडण्याआधी थांबले, याचं मला अजून बरं वाटतं.

“आणि साथ?”

“मशीनवरून उठलं की माणूस पिळून टाकल्यावानी होतं. चक्कर येती. बसमध्ये उभं राहता येत न्हाई. ज्याच्याबरोबर कुणी हाय तो येतो. एकटा हाय तो एक खाडा करतो, मग दुसरा करतो. मग त्याचं नाव वहीत खोडलेलं दिसतं.” त्यांनी तार ओढून पाहिली. “लई खोडलेली नावं बघितली म्या त्या चार-चार तासांत. म्हणून ते केलं.”

आम्ही एकेक पान घेत गेलो. ते तार गुंडाळत सांगायचे, मी लिहायची. मधेच हात वर केला की मी गप्प बसायचं, कारण वेढे मोजणं चालू असायचं. ‘दम धर’ म्हणजे लाइट गेल्यावर मशीन बंद झालं असं लगेच धरायचं नाही, जनरेटर सुरू होईपर्यंत थांबायचं. मी लिहिलं होतं, ‘पेशंटचा श्वास तपासते.’ ते वाचून अप्पा हसले नाहीत. मीच हसले.

काही पानांवर ते अडले. “हे कामून केलं असंल?” स्वतःलाच विचारत राहिले. मग पान परत केलं. “न्हाई आठवत.”

“मग काय लिहू?”

“आठवत न्हाई, असं लिही.”

“असं डॉक्युमेंटमध्ये लिहीत नाहीत, अप्पा.”

“का न्हाई? हे बघ.” त्यांनी एक जळकी मोटार पायानं पुढं सरकवली. “ही आली की आधी जुनी तार सोडायची, वेढे मोजायचे, मग तेवढेच नवे भरायचे. कधी कधी तार इतकी जळालेली असती की मोजताच येत न्हाई. मग गिऱ्हाइकाला सांगायचं, बाबा मोजता आलं न्हाई, कंपनीला विचारू. अंदाजानं भरली तर मोटार फिरती. गिऱ्हाईक खूश. पंधरा दिवसांनी पुन्हा जळून येती, ऐन पाण्याच्या टायमाला.”

शेवटून तिसरं पान ‘झालं सांग’ नावाचं. त्यावर मी लिहिलं होतं, ‘डायलिसिस संपल्यावर मेसेज पाठवते.’ हे खरं होतं. पण आत एकच पेशंट नंबर होता, सात. आणि एकच मोबाईल नंबर. तो नंबर मी त्या सकाळीच फिरवला होता.

अप्पांनी पान बराच वेळ धरून ठेवलं.

“खाली चहाच्या टपरीवर बसायचो,” ते म्हणाले. “ती उठली की मेसेज यायचा. वर जाऊन हात द्यायचो. आता तो सात नंबर कुणाला देत न्हाईत सिस्टर. त्यांनी आपल्या मनानंच ठेवला तसा.”

“नव्यात घेऊ का हे?” मी विचारलं.

त्यांनी तार उचलली. दहा-बारा वेढे दिले. मोजत नव्हते.

“काढ,” ते म्हणाले. “वापरात नसलेलं ठेवू न्हाई. पुढचा माणूस चकतो.”

मी लिहिलं, ‘एका पेशंटपुरतं होतं. आता वापरात नाही. मूळ लेखकाच्या सांगण्यावरून नव्या सिस्टीममध्ये घेऊ नये.’ त्यांनी वाचलं आणि मान हलवली. निघताना भावाच्या बायकोनं मला जबरदस्तीनं जेवायला बसवलं.

शुक्रवारी दुपारी मी कॉमेंट कोडमध्ये घातल्या आणि बटण दाबलं. पुस्तक पुन्हा तयार झालं. फक्त सहा ठिकाणी लिहिलं होतं, ‘हेतू माहीत नाही. काढण्याआधी सेंटरला विचारा.’

गिरीश सरांनी ते वाचलं. “हे क्लायंटला जाणार? ‘माहीत नाही’? आपली काय इज्जत राहील?”

“रिकामं ठेवलं तर त्यांना वाटेल की मी विसरले. लपवलं तर वाटेल की ते फंक्शनच नाही. आणि अंदाजानं भरलं तर काय होतं ते आपण बघितलं, सर.”

माझं एवढं लांब बोलणं सरांनी पहिल्यांदाच ऐकलं असावं. ते म्हणाले, “पाठव,” आणि पाण्याची बाटली उघडली.

आदित्यचा फोन तासाभरात आला. “हे सहा ‘माहीत नाही’ आहेत.”

“हो.”

“बाकीचं पक्कं?”

“लिहिणाऱ्याला विचारून.”

“चल. मग कुलूप उघडतो. सहा आहेत तसेच ठेवतो, हात नाही लावत.” मग म्हणाला, “खरं सांगू? ते सहा वाचून बाकीच्यांवर विश्वास बसला.”

शनिवारी नवा चार्ट निघाला. गिरजाबाई मंगळवार आणि शुक्रवार, दुपारची पाळी. रहीम चाचा मंगळवार आणि शुक्रवार, दुपारची पाळी. कांबळे सिस्टरनी इस्लापूरला फोन केला. “बघते म्हणली,” त्यांनी मला कळवलं. “येईन म्हणली नाही. बघते म्हणली.”

मंगळवारी मी नांदेडला गेले. कामाचं निमित्त होतं, नवी सिस्टीम नीट चालते का ते पाहायचं. अकरा वाजले. सव्वाअकरा. मी कॉम्प्युटरसमोर बसून दाराकडे बघत होते. सिस्टरही बघत होत्या, पण त्या ते कबूल करणार नाहीत.

अकरा वीसला दोघं आली. पुढं बारीक चणीची, हिरव्या लुगड्यातली बाई. मागं करड्या दाढीचे चाचा, हातात दोन पिशव्या.

“उशीर कामून?” सिस्टर ओरडल्या.

“ह्या माणसाला विचार,” गिरजाबाई म्हणाली. “भोकरला चहा पायजे म्हणं. डॉक्टरनं पाणी मोजून दिलंय, आन् ह्याला चहा!”

“अर्धा कप, सिस्टर,” चाचा म्हणाले. “खुदा कसम, अर्धा. बाकीचा हिनं ओतून दिला.”

वजन करायला गिरजाबाई माझ्या टेबलाशेजारी आली. मला निरखून म्हणाली, “तू कोण माय? नवी नर्स?”

“नाही. मी कॉम्प्युटरचं बघते. पाळ्या लावते ते.”

“आस्सं. तूच का ती, मला सात वाजता बोलावणारी?”

“हो,” मी म्हणाले. “चुकलं माझं.”

“असू दे. चाचा म्हणला, दुरुस्त झालं, चल. नाहीतर म्या काय येत नव्हते.”

मला खात्री करून घ्यायची होती. आता ती सवय लागली होती. मी विचारलं, “येताना-जाताना चाचा तुम्हाला सांभाळतात ना?”

ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मी दगडाकडे दूध मागितलं.

“तो? मला? अगं माय, परतीच्या बसमध्ये हा घोरायला लागतो. ह्याचं हिमायतनगर येऊन जातं तरी डोळा उघडत नाही. दोनदा इस्लापूरपर्यंत आला झोपेत. पोरं शोधत फिरली. तव्हापासून भोकर सुटलं की म्या त्याला बोलत ठेवते. भांडण काढते. भांडणात झोप येत नाही.”

“लई भांडते,” मशीनशेजारच्या खाटेवरून चाचा म्हणाले. “पिशव्या बी मलाच धरायला लावते.”

“मग? म्या बोलू का पिशव्या धरू?”

लातूरला परत आल्यावर मी ते वर्णन उघडलं. अप्पांना विचारून लिहिलेलं होतं, तरी त्यात माझं थोडं घुसलं होतं: ‘एकट्या वयस्कर पेशंटला सांभाळणारी सोबत देते.’ मी ते खोडलं आणि लिहिलं, ‘एका वाटेवरच्या दोन पेशंटना एका पाळीत ठेवते. दोघांत कोण कुणाला सांभाळतं, ते धरून चालू नये.’ आदित्यला मेल केला.

त्याचं उत्तर लगेच आलं. “पाहिलं. कोडमध्ये काही बदल?”

मी लिहिलं, “नाही. अप्पांचा कोड पहिल्यापासून बरोबर होता.”